नऊ नंबरचा एक्केचाळिसावा आठवडा

१

कपाटाची दोन्ही दारं उघडून मॅनेजर नुसताच उभा राहिला. मग त्याने एकेका फायलीवर बोट ठेवत पुटपुटत मोजलं. नऊ नंबरच्या घराचा एकोणचाळिसावा आठवडा होता, चाळिसावा होता आणि त्यानंतर एकदम बेचाळिसावा.

"शनिवारी मी स्वतः काढली होती," तो म्हणाला. "दाखल्याची झेरॉक्स केली आणि परत ठेवली. इथेच. काल दुपारीही दिसली होती."

तळ्याकाठच्या त्या रिसॉर्टच्या ऑफिसात पाच माणसं होती. खुर्चीत मास्तर बसले होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, नऊ नंबरच्या एक्केचाळिसाव्या आठवड्याचे मालक. त्यांच्या मागे त्यांची पुतणी उभी होती. खिडकीपाशी कंपनीचा विक्री अधिकारी होता. त्याचं तोंड मिटलं तरी हसू राहायचं, म्हणून मनातल्या मनात त्याचं नाव 'हसरा' पडलं होतं. ते नाव ठेवणाऱ्या बाई टेबलासमोर बसल्या होत्या. हातात पेन, पेनाचं टोपण काढलेलं. आज, सोमवारी, अकरा वाजता त्या मास्तरांकडून तो आठवडा विकत घेणार होत्या.

"मालकीचा मूळ दाखला फायलीतच होता ना?" मास्तरांनी विचारलं.

"फायलीतच."

"मूळ दाखल्याशिवाय नावबदल होत नाही," हसरा म्हणाला. "डुप्लिकेट काढायला चार महिने. म्हणून मी सांगत होतो मॅडम, रिसेलच्या भानगडीत पडू नका. थेट कंपनीकडून घ्या. नवी इमारत, कोरं घर, आजच्या आज दाखला."

सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. तेव्हा त्यालाही कळलं आपण काय बोललो ते, आणि पहिल्यांदाच त्याचं हसू थोडं मावळलं.

बाई उठल्या. त्यांनी वाकून कपाटाचं कुलूप पाहिलं. भोकाभोवती एकही ओरखडा नव्हता.

"याची किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. दुसरी बाहेरच्या बोर्डावर, सगळ्या किल्ल्यांसोबत."

"म्हणजे कुणाकडेही," बाई म्हणाल्या. पेनाचं टोपण त्यांनी परत लावलं. "काल संध्याकाळपासून फाटकातून एकही गाडी बाहेर गेलेली नाही. फाइल इथेच आहे. आणि नेणाराही."

२

बाई कोण होत्या ते सांगायला हवं. एकतीस वर्षं त्या एका विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करत होत्या. जळलेली गोदामं, पाणी शिरलेली दुकानं, चोरीला गेलेला आणि चोरीला गेला असं सांगितलेला माल. राख चाळून आग आधी कुठे लागली ते त्या सांगायच्या. माणसं त्यांना घाबरायची आणि चहा पाजायची. निवृत्त झाल्याला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्यांना ना कोणी घाबरलं होतं, ना कोणी चहा पाजला होता.

आई होती तोवर घरात बोलणं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. एका मंगळवारी त्यांच्या लक्षात आलं की रविवारपासून आपण एक शब्दही मोठ्याने बोललेलो नाही. आवाज शाबूत आहे का पाहायला त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत ते मोठ्याने वाचलं. त्याच आठवड्यात पेपरात मास्तरांची जाहिरात आली होती. 'तळ्याकाठचं घर, दरवर्षी एक आठवडा, कायमचा हक्क, विकणे आहे.'

व्यवहार सरळ होता. एका घराचे बावन्न आठवडे बावन्न जणांना विकलेले. ज्याचा जो आठवडा, त्यात ते घर त्याचं. कंपनीकडून थेट घेतला तर नवं घर, वरच्या सवलती आणि दुप्पट किंमत. जुन्या मालकाकडून घेतला तर निम्म्यात, पण सवलती त्याच्याबरोबर संपायच्या आणि कागद आपणच तपासून घ्यायचे. कागद तपासण्यात तर बाईंचा जन्म गेला होता. कंपनीने तीन दिवस फुकट राहायला बोलावलं तेव्हा त्या आल्या, मास्तरांनाही त्यांनी तिथेच बोलावून घेतलं. हसऱ्याने नवी इमारत दाखवली ती त्यांनी पाहिली, आणि रिसेल घ्यायचं ठरवलं.

दुपारी त्यांनी एकेकाला गाठलं. तपासणीचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. पण त्या विचारू लागल्या की माणसं उत्तरं द्यायची, ही जुनीच गोष्ट होती.

हसरा म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो. तुम्ही रिसेल घेतलंत तर मला काही मिळत नाही. माझ्यावर संशय घ्याल तर रास्त आहे. पण मी फाइल लपवण्याइतका मूर्ख असतो तर सकाळी तोंड उघडलं असतं का?"

"मूर्ख असाल तर उघडलंच असतं," बाई म्हणाल्या.

पुतणीने लपवाछपवी केली नाही. ती तळ्याकडे तोंड करून बाकावर बसली होती. "काकांनी विकू नये असं मला वाटतं. तोंडावर सांगितलंय मी त्यांना. काकूची आठवण आहे ती. आणि हो, त्यांच्यामागे ते घर मला मिळालं असतं, हेही आहेच. लिहून घ्या."

"मग ते का विकतायत?"

"काकू गेल्यापासून ते इकडे फिरकलेच नाहीत. सहा वर्षं होतील. परवाही म्हणाले, बाईंना घर दुसरं कुणीतरी दाखवू दे, मी पायरी चढणार नाही."

घर बाईंनी शनिवारीच पाहिलं होतं. दाखवलं होतं अक्कांनी. अक्का म्हणजे साफसफाई आणि धुलाई पाहणाऱ्या मुख्य बाई, बावीस वर्षं तिथे नोकरीला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी खिडक्या उघडून दाखवल्या, नळ सोडून दाखवले. बेडरूममध्ये कपाटाला पाठ टेकवून उभ्या राहिल्या आणि तळं कुठवर दिसतं ते तिथूनच हाताने सांगितलं.

रात्री झोपताना बाई एकाच गोष्टीचा विचार करत होत्या. जाहिरात तीन महिन्यांपूर्वीची. फाइल तीन महिने सुखरूप होती. शनिवारीही होती. मग रविवारी असं काय झालं?

३

सकाळी दार उघडायला गेल्या तर पायाला कागद लागला. खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी दाराखालून आत सरकवलं होतं. वर नाव नाही, चिठ्ठी नाही.

आत मास्तरांचा मूळ दाखला होता. शिक्क्यासकट, न चुरगळलेला. फक्त दाखला. फायलीतलं दुसरं एकही पान नाही.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना हुशारी वाटली.

ज्याला विक्री अडवायची होती त्याने दाखला कधीच परत केला नसता. दाखला आला की विक्री होणार. म्हणजे हसरा सुटला आणि पुतणीही सुटली. मास्तरांचं मन बदललं असतं तर ते सरळ 'विकायचं नाही' म्हणाले असते, त्यांना चोरीची गरज नव्हती. उलट, ज्याने फाइल नेली त्याला व्यवहार अडू नये असंच वाटत होतं. मास्तरांचं नुकसान होऊ नये म्हणून त्याने जोखीम घेऊन एक कागद परत आणून दिला होता. त्याला अडचण होती ती बाकीच्या कागदांची. म्हणजे कोणी ते वाचायला नको होते.

आणि रविवारी काय झालं तेही त्यांना आता आठवलं. हिरवळीवर चहा चालला होता. हसरा म्हणाला, "दाखला बघितला की झालं, फाइल कोण वाचतं?" त्यावर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मी वाचते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सवय आहे."

तेव्हा तिथे मास्तर होते, पुतणी होती, हसरा होता, मॅनेजर होता. आणि कपबशा गोळा करायला अक्का आल्या होत्या.

दोन माणसं उरली. बाई तशाच चपला घालून ऑफिसात गेल्या.

"त्या फायलीत काय काय होतं?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"अर्ज, करार, पत्रव्यवहार. आणि दरवर्षीच्या हजेरीच्या चिठ्ठ्या."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"मालक राहायला आले की एक चिठ्ठी भरतात. कोण आलं, किती जण, खाली सही. काउंटरवरच्या ट्रेमध्ये टाकतात, महिनाअखेरीस मी फायलीला लावतो."

"मास्तरांची शेवटची चिठ्ठी किती सालची?"

मॅनेजरला आठवायलाही लागलं नाही. "गेल्या वर्षीची. दरवर्षी येतात की मास्तर."

४

"तुम्ही त्यांना पाहिलंत? गेल्या वर्षी?"

"चाळीस घरं आहेत मॅडम. दर आठवड्याला नवी तोंडं. कोणाकोणाला पाहणार?" तो थांबला. "पण चिठ्ठी होती. दोन माणसं. सही होती."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. गोष्ट जुळत होती, पण दोन तऱ्हांनी. रिकामे आठवडे परस्पर भाड्याने द्यायचे आणि मालकाच्या नावाने चिठ्ठी भरून ठेवायची, असा उद्योग मॅनेजरला सहज करता आला असता. अशी प्रकरणं बाईंनी पाहिली होती, त्यात मॅनेजरच निघायचे. पण मग हा माणूस आपल्या तोंडाने चिठ्ठ्यांची गोष्ट कशाला सांगेल?

"नऊ नंबर या आठवड्यात रिकामं आहे ना? किल्ली द्या."

घर एका टोकाला होतं, त्याच्यापुढे फक्त झाडी आणि तळं. आत सगळं लख्ख होतं. बाईंनी आपल्या पद्धतीने पाहायला सुरुवात केली, म्हणजे जिथे कोणी पाहत नाही तिथे आधी. पडद्यांच्या मागे काही नव्हतं. ओट्याखाली काही नव्हतं. पलंग सरकवला, खालची फरशीसुद्धा पुसलेली. दरवर्षी बावन्न कुटुंबं येऊन जातात आणि एकाचाही मागमूस राहत नाही, इतकं चोख काम त्यांनी कुठल्या हॉटेलात पाहिलं नव्हतं.

मग त्या बेडरूममधल्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. शनिवारी अक्का याला पाठ टेकवून उभ्या होत्या. बाईंनी दार उघडलं. वरपासून खालपर्यंत जादा ब्लँकेटं रचलेली. त्यांनी ती एकेक करून पलंगावर काढून ठेवली.

कपाटाच्या आतल्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, जांभळ्या शाईच्या आडव्या रेघा होत्या. एकावर एक पाच. सगळ्यात खालची बाईंच्या कमरेच्या थोडी वर, सगळ्यात वरची हनुवटीपाशी. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख.

कुणाच्या तरी मुलाची उंची होती ती. पाच वर्षांची.

नऊ नंबरचे मालक बावन्न, मूल कुणाचंही असू शकलं असतं. बाईंनी पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं, पेन्सिलीने आठवडे मोजले आणि मग एकेक साल मागे जात हिशेब केला. पाचही तारखा एकाच आठवड्यात येत होत्या. एक्केचाळिसाव्या.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं.

भाडेकरू दरवर्षी बदलले असते. इथे पाच वर्षं एकच मूल वाढत होतं. मॅनेजर सुटला. राहिली ती शाई. बाईंनी रेघेवरून ओलं बोट फिरवलं, रेघ जरासुद्धा पसरली नाही. हा जांभळा रंग आपण याच मुक्कामात कुठेतरी पाहिलाय, असं त्यांना वाटत होतं. त्या मागे वळल्या. पलंगावर ठेवलेल्या ब्लँकेटाच्या कोपऱ्यावर त्याच जांभळ्या, धुतली तरी न जाणाऱ्या शाईत आकडा घातला होता. नऊ.

५

धुलाईची खोली मागच्या बाजूला होती. तिथे गरम वाफेचा आणि साबणाचा वास होता. अक्का चादरींच्या घड्या घालत होत्या. टेबलावर शाईची बाटली होती, तिच्यात काडी बुडवलेली.

बाईंना पाहून अक्कांनी घडी अर्धवट सोडली नाही. पुरी केली, हाताने दाबली, ढिगावर ठेवली आणि मग म्हणाल्या, "फाइल त्या चादरींच्या खाली आहे."

"मी काही विचारलंच नाही अजून."

"सकाळी नऊ नंबरची किल्ली तुम्ही नेलीत, तेव्हाच कळलं."

बाई स्टुलावर बसल्या. असल्या वेळी समोरचा माणूस एकतर रडतो नाहीतर ओरडतो, हा त्यांचा अनुभव. अक्कांनी दुसरी चादर उचलली आणि एक टोक बाईंच्या हातात दिलं. बाईंनी न बोलता धरलं. दोघी मिळून घडी घालू लागल्या.

"मुलगी आहे," अक्का म्हणाल्या. "तिचा बाप गेला तेव्हा सात वर्षांची होती. इथे आम्ही आठ जणी एका खोलीत झोपतो, मुलं ठेवायची परवानगी नाही. तिला वसतिगृहात घातलं. वर्षातून एकदा त्यांना आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा वसतिगृह बंद. सगळ्या मुली घरी जातात. हिला घर कुठलं?"

"आणि त्याच आठवड्यात नऊ नंबर रिकामं असायचं."

"पहिल्या वर्षी मास्तर येतील म्हणून मी घर लावून ठेवलं. फुलं ठेवली, त्यांच्या बायकोला आवडायची म्हणून. ते आले नाहीत. तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी पोरीला आत नेलं." अक्कांचा आवाज सरळ होता, जणू कामाचा अहवाल देत होत्या. "चिठ्ठी नसेल तर बॉयलर चालू करत नाहीत. म्हणून चिठ्ठी भरली. जुन्या चिठ्ठीवर बघून सही केली. मग दरवर्षीच. दिवसा मी कामावर, ती खिडकीत पुस्तक घेऊन. काम संपलं की मी वर जायचे. दार आतून लावायचं, आणि मग ते आमचं घर. सात दिवस मी तिला वेणी घालायचे. बाकीचं वर्षभर ती स्वतःची स्वतः घालते."

"सगळं पुसलंत. तेवढंच का नाही पुसलं?"

अक्कांचे हात पहिल्यांदा थांबले. "पुसता येणार नाही अशीच शाई घेतली होती, बाई."

मग अक्कांनी विचारलं, "नोकरी जाईल ना?"

एकतीस वर्षांत बाईंनी एकही अहवाल अर्धवट लिहिला नव्हता. समोरच्याची बायको आजारी असो, पोरं लहान असोत, आग जिथे लागली तिथे लागली असंच त्यांनी लिहिलं होतं. चादरींच्या खालून त्यांनी फाइल काढली. "घर मॅनेजरचं नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीचंही नाही त्या आठवड्यापुरतं. ज्याचं आहे त्याला सांगावं लागेल. तुम्हीही चला."

"मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू?"

"उभ्या राहा," बाई म्हणाल्या. दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

६

मास्तर पायरीपाशी थबकले. पुतणीने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि एकट्यानेच चढले.

बेडरूममध्ये बाईंनी सगळं सांगितलं. थोडक्यात, काही न लपवता, काही न सजवता. पुतणी दोनदा "काय!" म्हणाली आणि दोन्ही वेळा मास्तरांनी हाताने तिला गप्प केलं. अक्का दाराशी उभ्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून, आवाज होऊ नये म्हणून.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कपाटात डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आलेच नाहीत.

"ही दुसरी रेघ," आतूनच त्यांचा आवाज आला, "ही खोटी आहे."

सगळ्या दचकल्या.

"बाकी दरवर्षी चार बोटं वाढली आहे. या वर्षी सहा, आणि पुढच्या वर्षी दोनच. टाचा उचलल्या होत्या पोरीने. मोजताना लक्ष द्यायला हवं होतं तुम्ही."

अक्कांच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की दुसरा कसला ते सांगता येणार नाही.

मास्तर पलंगावर बसले. फाइल मांडीवर घेऊन त्यांनी पाच चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. "सही बरी जमली आहे. माझ्या सहीचा शेवटचा फटकारा वर जातो, तुमचा खाली जातो. पण बरी आहे." मग त्यांनी विचारलं, "खिडकीतली खुर्ची कोण वापरायचं?"

"ती," अक्का म्हणाल्या. "दिवसभर तिथेच."

"ही पण तिथेच बसायची," मास्तर म्हणाले. कोण ते विचारायची कोणाला गरज पडली नाही. "पाच वर्षं तो आठवडा आला की मी घरी बसून एकच विचार करायचो. तिकडे कुलूप आहे. पडदे ओढलेले आहेत. खुर्ची तशीच आहे. शेवटी वाटलं, विकून टाकावं, निदान हा विचार तरी थांबेल. आणि इथे तर वेण्या घातल्या जात होत्या."

पुतणीने मान वळवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

मास्तर बाईंकडे वळले, आणि ते काय बोलणार ते बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. राख चाळताना शेवटी जसं कळायचं तसं. आपण सगळं शोधून काढलं होतं, आणि शोधता शोधता आपलंच घर हातातून घालवलं होतं.

"बाई, मी तुम्हाला शब्द दिलाय."

"सही झालेली नाही," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा ठेवायला त्यांना थोडं जड गेलं. "सही झाल्याशिवाय काही झालेलं नसतं."

"मला विकायचं नाही आता."

"विकू नका. करारातलं सतरावं कलम वाचा. मालकाला स्वतःऐवजी पाहुणे पाठवता येतात, दरवर्षी लेखी पत्र द्यावं लागतं. पाहुण्याने कुठे नोकरी करावी याबद्दल कलमात काही नाही." त्यांनी पेन काढलं. "मसुदा मी करून देते. नाव काय मुलीचं?"

पत्राला दहा मिनिटं लागली. मास्तरांनी सही केली, फटकारा वर. मग ऑफिसात जाऊन बाईंनी फाइल मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. मागच्या पाच चिठ्ठ्यांवर मास्तरांनी "माझ्या संमतीने" असं लिहून प्रत्येकीखाली पुन्हा सही केली होती.

"कुठे सापडली?" मॅनेजरने विचारलं.

"धुलाईच्या खोलीत. चादरींच्या गठ्ठ्याखाली."

"तिथे कशी गेली?"

बाई क्षणभर थांबल्या. "तो माझ्या अहवालाचा भाग नाही," त्या म्हणाल्या. असं वाक्य आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

७

चारच्या बसला अजून तास होता. बॅग भरून झाली होती. हसरा आला तेव्हा बाई नव्या इमारतीच्या पायरीवर बसल्या होत्या.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "व्यवहार मोडला म्हणे. दाखवू परत कोरं घर? नुसतं बघा."

बाई त्याच्यामागून गेल्या. घरात रंगाचा वास होता. गादीवर प्लॅस्टिक तसंच होतं. बाई बसल्या तर ते चरचरलं. कपाट उघडलं, आत लाकडाचा भुसा.

"तुम्ही अगदी पहिल्या असाल," हसरा म्हणाला. "याआधी इथे कोणीही राहिलेलं नाही. कोणाचं काही निस्तरायला नको, कोणाच्या फायली वाचायला नकोत."

"तुम्ही घेतलाय का एखादा आठवडा? कंपनीच्या लोकांना सवलत असेल."

"मी?" तो हसला आणि मग, कोणी समोर नसल्यासारखं, त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. चेहरा एकदम थकलेला आणि वयस्क दिसला. "मी कुणाबरोबर येणार, मॅडम?"

दोघं प्लॅस्टिक लावलेल्या घरात थोडा वेळ तसेच राहिले, बाई गादीवर बसलेल्या, तो उभा.

"मला कोरं नको," शेवटी बाई म्हणाल्या. "माझ्या घरात काय कमी कोरेपणा आहे?"

त्याने मान हलवली. मग आतल्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "विकायला काढलेल्या जुन्या आठवड्यांची यादी. आम्ही ही कुणाला दाखवत नाही. मी दिली असं सांगू नका."

यादीत अकरा फोन नंबर होते. हसरा गेल्यावर बाई परत पायरीवर आल्या, बॅग उचलली आणि त्यांनी पहिला नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. कोणी उचलणार नाही असं वाटत असतानाच पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. दिवसातला पहिलाच शब्द बोलावा तसा, थोडा धरलेला.

"हॅलो?"

"तुमचा आठवडा विकायचाय ना?"

"हो. तेविसावा. वीस नंबरचं घर. कागद सगळे व्यवस्थित आहेत हो, दाखला आहे, पावत्या आहेत..."

"कागद मी बघेन नंतर," बाई म्हणाल्या. "आधी सांगा, का विकताय?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मोठी गोष्ट आहे. तुम्हाला वेळ आहे का?"

चारची बस फाटकाशी येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला. बाईंनी बॅग पायाशी ठेवली आणि पायरीवर नीट टेकून बसल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "सांगा."